आधी तिचं ऐका, मग क्षमेचं बोला



आज पापडाचं प्रमाण नाही, पारण्याची कृती नाही आणि प्रवचनाचं टिपणही नाही. आजचा विषय आपण बायका एकमेकींतसुद्धा काढत नाही. लहानपणी ज्या मुलीवर घरातल्याच माणसानं अत्याचार केला, ती मोठी झाल्यावर, बायको, आई, सासू झाल्यावर तिच्या मनाचं काय होतं, हा तो विषय. वाचताना कुणाला त्रास झाला तर तिनं इथेच थांबावं, माझी तक्रार नाही. पण घरात मुलगी, सून, नात आहे अशा प्रत्येकीनं जमलं तर शेवटपर्यंत वाचावं.

दोन वर्षांपूर्वीच्या संवत्सरीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याला सगळं कुटुंब आमच्याकडे जमलं होतं. मुगाचं पाणी, राबडी झाली. मग रीतीप्रमाणे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडून खमतखामणा सुरू केला. नात्यातली एक नणंद, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, सगळ्यांना भेटली. फक्त एका वडीलधाऱ्या माणसासमोर गेली नाही. ते ऐंशीच्या घरातले, समाजात मान असलेले. कुणीतरी हाक मारली, "अगं, त्यांचं राहिलं." ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाही करणार." घरात एकदम शांतता. मग एकेक जण बोलायला लागला. वर्षाचा एक दिवस, तेवढंही मन मोठं होत नाही? एवढ्या अठ्ठाया केल्या त्यांचा उपयोग काय?

शेवटचं वाक्य माझं होतं. म्हणून हा लेख मी लिहिते आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती पापड लाटायला आमच्याकडे आली. आमच्या जामनेरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, दुपारी बारानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. बाकीच्या बायका घरी गेल्या, आम्ही दोघी खालच्या खोलीत वाळलेले पापड मोजत बसलो होतो. माझी नऊ वर्षांची नात आतबाहेर करत होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "भाभी, मी एवढीच होते."

पुढचा तास-दीड तास ती बोलत होती आणि मी पापड हातात धरून बसले होते. तिचं सगळं इथे लिहिणार नाही. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. एवढंच सांगते की उन्हाळ्याच्या सुट्या होत्या, घर माणसांनी भरलेलं होतं आणि तीन वर्षं ते चाललं. तिनं आईला सांगितलं होतं. आईनं तिला जवळ घेतलं नाही. तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा हे बोलू नकोस." ती म्हणाली, "भाभी, त्यानं केलं त्याचं दुःख एक. पण आईचा तो हात अजून माझ्या तोंडावर आहे."

आता तिची आम्हाला दिसलेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं सांगते. ती चिडकी म्हणून प्रसिद्ध. मागून कुणी खांद्याला हात लावला की किंचाळायची, आम्ही हसायचो. झोप नाही. दाराची कडी रात्रीतून तीनदा तपासायची. मुलीला कधी मामाकडे, काकाकडे मुक्कामाला पाठवलं नाही, त्यावरून सासरी दरवर्षी भांडण. बाळंतपणात डॉक्टरांनी तपासायला हात लावला की शुद्ध हरपल्यासारखी व्हायची, तेव्हा दवाखान्यात "नाटकं करते" असं म्हटलं गेलं. पोटदुखी तर कायमची. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि उपवास. तीन अठ्ठाया, एक मासखमण, एक वर्षीतप. आम्ही सांजीची गाणी म्हणायचो, अनुमोदना करायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "मला धर्म किती कळतो माहीत नाही भाभी. मला या शरीराचा राग येतो. ते सुकलं की बरं वाटतं." तप निर्जरेसाठी असतं, स्वतःच्या देहाला शिक्षा करण्यासाठी नसतं, हे मला माहीत होतं. पण ती का करते आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तिची मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिची तब्येत सगळ्यात जास्त बिघडली होती. तेव्हा आम्हाला कारण कळलं नाही. आपली मुलगी आपल्या त्या वयाला पोचली की जुनं सगळं वर येतं, असं अनेक बायकांचं होतं, हे मी नंतर वाचलं.

मी साधी बी.कॉम. बाई. एसटीनं जळगावला जाऊन शिकले, मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पण त्यानंतर वाचायला लागले, सुनेनं इंटरनेटवरून काढून दिलं, एका डॉक्टर मुलीला विचारलं. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

घरात चोर येऊन गेला की आपण चार रात्री नीट झोपत नाही. जरा वाजलं की उठून बसतो. मग हळूहळू मन निवतं. पण चोर घरातलाच असेल, रोज जेवायला पंगतीत शेजारी बसत असेल आणि त्याच्या पाया पडायला सांगत असतील, तर त्या मुलीचं मन निवणार कसं? तिच्या शरीरातली धोक्याची घंटा सारखी वाजत राहते. मेंदू वाढीच्या वयात असतो, तो तशाच तयारीनं वाढतो. पुढे धोका नसला तरी छाती धडधडते, झोप उडते, पोट बिघडते, डोकं दुखतं. कधी उलट होतं, काहीच जाणवेनासं होतं, आपण आपल्या अंगातच नाही असं वाटतं. नैराश्य येतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं. आणि सगळ्यात खोल रुतून बसते ती लाज, आपल्यातच काही वाईट होतं म्हणून हे झालं, ही समजूत.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात यासाठी वेगळं नाव आहे. दीर्घकाळ चाललेल्या अशा आघातानंतर भावनांवर ताबा न राहणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि कुणाशी नातं टिकवणं अवघड जाणं ही त्याची लक्षणं. हे वाचलं आणि मला वाटलं, आम्ही तर याला तिचा 'स्वभाव' म्हणत होतो!

अमेरिकेत सॅन दिएगो इथे १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारलं गेलं. डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केले. या कामाची सुरुवात कशी झाली बघा. डॉ. फेलिटी वजन कमी करण्याचा दवाखाना चालवत होते. ज्यांचं वजन छान उतरत होतं अशाच काही जणी मधूनच उपचार सोडून जायच्या. चौकशी केल्यावर कळलं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणींवर लहानपणी अत्याचार झाले होते. अंगावरची चरबी त्यांना ओझं वाटत नव्हती, आडोसा वाटत होती. मला आमची नणंद आठवली. कुणी खाऊन लपतं, कुणी न खाऊन.

पुढच्या पाहणीतली माणसं गरीब वस्तीतली नव्हती. बहुतेक शिकलेली, नोकरीधंद्याची, विमा असलेली, कितीतरी जण पन्नाशीच्या पुढची. त्यांच्यातल्या साधारण पाचांतल्या एकानं लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकारचे त्रास आले होते, त्यांच्यात नैराश्य, दारू, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. म्हणजे पैसा आणि शिक्षण असलेल्या घरांतही हे घडतं आणि पन्नास वर्षांनीही त्याची वसुली चालू असते.

"हे तिकडचं, आपल्याकडे नाही," असं म्हणाल तर केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्रही होता. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते, मुलींपेक्षा थोडे जास्तच. आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

मैत्रिणींनो, आकडे राहू द्या. आपण खान्देशातल्या बायका आहोत, आपल्याला १९९४ साल आठवतं. त्या वर्षी जळगावचं ते प्रकरण बाहेर आलं. शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलींनाही फसवून, फोटो काढून, ते दाखवायच्या धमक्या देऊन पुन्हा पुन्हा छळलं होतं. अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे कडक अधिकारी तपासाला आले. पण तक्रार द्यायला फार थोड्या मुली पुढे आल्या, आणि पुढे कोर्टात बरेच आरोपी सुटले.

मी तेव्हा तिशीत होते. आपल्या घरांत तेव्हा काय बोललं जात होतं ते मला लख्ख आठवतं. "त्या मुली कोण?" हाच प्रश्न. "ती माणसं कोण?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात संपला. जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं परत जायला लागली. कॉलेजमधल्या मुलींची नावं काढून टाकली. ज्यांचा कशाशीही संबंध नव्हता अशा मुलींची लग्नं घाईघाईनं उरकली. ज्यांच्यावर खरंच बेतलं होतं, त्या हे सगळं ऐकत होत्या. तक्रार द्यायला त्या पुढे आल्या नाहीत म्हणून आपण त्यांना नावं ठेवली. पण पुढे आल्या असत्या तर आपण काय केलं असतं?

त्या मुली आज पन्नाशीत असतील. कुणी सासू झाली असेल, कुणी आजी. तिला सामायिकात मन लागत नसेल, रात्री झोप येत नसेल आणि घरचे म्हणत असतील, मेनोपॉज आहे. माझ्या नणंदेचं ऐकल्यापासून स्थानकात बसले की हा विचार माझ्या मनात येतो.

आता आपल्या धर्माविषयी बोलते. मी साध्वी नाही, पंडित नाही. पण जन्मभर प्रवचनं ऐकली आहेत, तेवढ्या अधिकारानं बोलते. चुकलं तर सांगा.

पहिलं, कर्म. अशा बाईला आपण सहज बोलून जातो, "तुझ्या पूर्वकर्माचा उदय होता." नऊ वर्षांच्या पोरीला? कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःकडे बघायला शिकवला आहे. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवायला तो दगड नाही. आणि जो पाप करतो तो त्या क्षणी नवं कर्म बांधतो, ते त्याचं त्यालाच भोगावं लागतं, हेही त्याच सिद्धांतात आहे. माझ्या कॉमर्सच्या भाषेत सांगते. उधारी ज्याची त्याच्याच नावे पडली पाहिजे. आपण ती उचलून त्या मुलीच्या खात्यावर मांडली आणि ती बिचारी आयुष्यभर व्याज भरत राहिली.

दुसरं, अनुमोदना. पाप तीन तऱ्हांनी होतं, स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि केलेल्याला अनुमोदन देऊन, हे आपण पाठशाळेत शिकलो. कीड-मुंगीच्या बाबतीत आपण ते किती काटेकोर पाळतो! बटाटा खात नाही, रात्री पाणी पीत नाही. मग घरातल्या लेकरावर अत्याचार झाल्याचं कळूनही अब्रूसाठी गप्प बसलो, तर ते काय झालं? माझ्या मते ती अनुमोदना झाली. त्या आईला मी दोष देत नाही. तिला तेव्हा दुसरा रस्ता दिसला नसेल, तिचीही कुणी ऐकून घेतली नसेल. पण आज आपल्याला रस्ता दिसतो आहे, आपल्याला ती सबब नाही.

तिसरं, क्षमा. हे लिहिताना माझा हात थांबतो, कारण क्षमा हे आपलं भूषण. पण खमतखामण्यात आधी कुणी बोलायचं असतं? ज्याची चूक झाली त्यानं. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. ते ज्यानं केलं त्यानं म्हणायचं, आणि त्याआधी ते दुष्कृत्य होतं हे कबूल करायचं. त्यासाठी तर आलोचना आहे. इथे त्या माणसानं पंचेचाळीस वर्षांत एक शब्द उच्चारला नाही आणि आम्ही सगळे तिला सांगत होतो, पाया पड, मन मोठं कर. हे क्षमा मागणं नव्हतं, तिचं तोंड पुन्हा बंद करणं होतं. आईच्या हातावर आम्ही आमचे हात ठेवले.

तिनं क्षमा करावी की नाही, कधी करावी, हे तिचं तिनं ठरवायचं. वैर मनात धरलं की आपणच जळतो हे खरं आहे, आणि कदाचित एक दिवस ती ते सोडेलही. पण काटा पायात असताना "चाल, विसरून जा" म्हणून भागत नाही. आपल्या शास्त्रात शल्य म्हणतात ते हेच, आत रुतलेलं टोक. ते आधी बाहेर काढावं लागतं.

काही जणी म्हणतील, एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार? म्हातारा माणूस, आज आहे उद्या नाही. घर फुटेल, मुलामुलींच्या सोयरिकी अडतील. ही भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पण ज्या घरात ते जपायचं होतं त्या घरात एक बाई पंचेचाळीस वर्षं फुटलेलीच होती. ते कुणाला दिसत नव्हतं इतकंच. आणि त्या वडीलधाऱ्यांच्या घरात आज पणतवंडं आहेत. मी आणि माझी जाऊ त्या घरातल्या सुनांना जाऊन स्पष्ट सांगून आलो की मुलांना त्यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही. एका सुनेनं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला शंका होती, पण विचारू कुणाला?" उकरून काय मिळतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणखी एक. प्रत्येक चिडक्या बाईच्या मागे असंच काही असतं असं नाही, आणि अत्याचार झालेली प्रत्येक बाई आजारीच पडते असंही नाही. वेळेवर एका जरी माणसानं विश्वास ठेवला तर पुष्कळ जणी सावरतात. म्हणून तर ऐकण्याला एवढं महत्त्व आहे.

मग आपण काय करायचं? मला समजलेल्या चार गोष्टी सांगते.

कुणी सांगितलं तर विश्वास ठेवायचा. "तेव्हाच का नाही बोललीस," "तुला नक्की आठवतं का," "एवढं काही नसेल" ही तीन वाक्यं तोंडातून येऊ द्यायची नाहीत. "तुझी चूक नव्हती," एवढं म्हणायचं आणि ऐकायचं. खोदून खोदून विचारायचं नाही. तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय दुसरीकडे न्यायचं नाही.

डॉक्टरांकडे जायला लाजायचं नाही. मधुमेहाची गोळी आपण डब्यात घालून प्रवासात नेतो, मग मनाच्या गोळीची एवढी लाज कशाला? या आघातावर खास पद्धतीचं समुपदेशन असतं, जागतिक आरोग्य संघटनेनं ते सुचवलं आहे, आणि वय साठ झालं तरी त्याचा उपयोग होतो. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे. कुठे जायचं नसेल तर सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. सामायिक, माळ, ध्यान यानं मनाला आधार मिळतो, तो सोडू नका. पण आधार वेगळा आणि औषध वेगळं.

लहान मुलाच्या बाबतीत आज घडत असेल तर तो घरचा मामला राहत नाही. २०१२ पासून पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचं नाव छापायला बंदी आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक नातवंडांना पाठ करून द्या. आणि मोठ्या बायकांनो, बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याची तक्रार द्यायला मुदत संपत नाही. द्यायची की नाही, हे मात्र त्या बाईनंच ठरवायचं.

चौथी गोष्ट अगदी घरगुती. मूल एखाद्या पाहुण्याच्या मांडीवर बसायला, पापी द्यायला नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका. "आजोबांना वाईट वाटेल" म्हणून ढकलू नका. वाईट वाटलं तर वाटू द्या.

आमची नणंद आता जळगावला एका बाई डॉक्टरांकडे जाते. महिन्यातून दोनदा, मी सोबत असते. सुरुवातीला परतताना ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसायची. आता नेरी आलं की चहा प्यायला उतरू म्हणते. पोटदुखी पूर्ण गेली नाही, पण झोप लागते. यंदा तिनं अठ्ठाई केली नाही. कुणीतरी स्थानकात विचारलं, "या वर्षी नाही का?" ती म्हणाली, "या वर्षी जेवतेय," आणि हसली.

गेल्या संवत्सरीला पारण्याच्या सकाळी आम्ही रीत थोडी बदलली. तिला कुणाच्या समोर जायला सांगितलं नाही. मी तिच्याहून मोठी, तिची भाभी, पण मीच तिच्या घरी गेले आणि हात जोडले. म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मी तुझ्या तपाला बोलले. इतकी वर्षं तुझ्या दुखण्याला मी स्वभाव म्हटलं. मिच्छामि दुक्कडम्." ती काही बोलली नाही. आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली.

तुमच्याही घरात अशी कुणी असेल तर आधी तिचं ऐका. क्षमेचं नंतर बघू.